मोरस साखरेचे बेट

गुजरातेतून येऊन महाराष्ट्रात स्थायिक झालेल्या अनेक घरांत वडीलधारी मंडळी आजही साखरेला ‘मोरस’ म्हणतात. जुन्या मराठी बोलण्यातही ‘मोरस साखर’ हा शब्द रूढ होता. एकोणिसाव्या शतकात ही बारीक, पांढरी साखर जहाजांतून मुंबई बंदरात उतरत असे आणि ज्या बेटावरून ती येई, त्या बेटाचेच नाव तिला मिळाले. ते बेट म्हणजे मॉरिशस. पेढीवर या साखरेची पोती मोजून घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ते बेट डोळ्यांनी पाहिले असेल. आज परिस्थिती उलटी आहे. मोरस हा शब्द विस्मरणात चालला आहे, आणि मुंबईहून विमानात बसले की सुमारे सहा तासांत मॉरिशसच्या भूमीवर पाय ठेवता येतो.

निळे पाणी, पांढरी वाळू आणि बारमाही ऊन यांसाठी हे बेट जगभर प्रसिद्ध आहे. बहुतेक प्रवासी चार-सहा दिवस समुद्रकिनारी घालवून समाधानाने परततात. परंतु या बेटाचे एक वैशिष्ट्य त्यांच्या नजरेतून निसटते. मॉरिशसला मूळचा असा मनुष्य नाही. डच, फ्रेंच, आफ्रिकी, भारतीय, चिनी, इंग्रज असे येथे नांदलेले सर्वच जण समुद्रावरून आले. कोणी स्वेच्छेने आले, कोणाला साखळदंडांत आणले गेले, कोणी कागदावर अंगठा उमटवून आले. पाहुण्यांनी या भूमीशी आणि एकमेकांशी कसा व्यवहार केला, याचाच इतिहास म्हणजे मॉरिशसचा इतिहास. आजचा पर्यटक हा त्या मालिकेतील सर्वांत नवा पाहुणा. हा इतिहास ठाऊक असेल, तर समुद्रकिनाऱ्यावरचे चार दिवसही अधिक अर्थपूर्ण होतात.

ज्वालामुखीतून जन्मलेली भूमी

हिंदी महासागरात, मादागास्करच्या पूर्वेस सुमारे ८०० किलोमीटर अंतरावर हे बेट आहे. लांबी सुमारे ६५ किलोमीटर, रुंदी सुमारे ४५ किलोमीटर. म्हणजे क्षेत्रफळाने बृहन्मुंबईच्या साधारण तिप्पट. लोकसंख्या मात्र अवघी साडेबारा लाखांच्या आसपास. समुद्रतळावरील ज्वालामुखीच्या उद्रेकांतून सुमारे ८० लाख वर्षांपूर्वी ही भूमी पाण्याबाहेर आली. सर्वांत उंच शिखर ८२८ मीटर, म्हणजे आपल्या सह्याद्रीतील कित्येक गडांपेक्षा ठेंगणे. परंतु समुद्राला लागूनच उठलेले हे काळे, टोकदार डोंगर प्रत्यक्षापेक्षा उंच भासतात. क्युरपिप या शहराच्या वस्तीमध्येच त्रू ओ सेर्फ नावाचे शांत झालेले ज्वालामुखीचे मुख आहे. त्याच्या उतारांवर आता दाट झाडी आहे आणि तळाशी पाणी साचलेले असते.

बेटाच्या बहुतेक किनाऱ्याभोवती प्रवाळांची भिंत आहे. महासागराच्या लाटा दूरवर या भिंतीवर आदळून फुटतात आणि भिंतीच्या आतले उथळ पाणी तळ्यासारखे शांत राहते. पर्यटकांना भुरळ घालणारी ती हिरवट निळाई या भिंतीची देणगी आहे. दक्षिणेकडे ग्री-ग्री येथे ही भिंत खंडित झाली आहे. तेथे लाटा थेट कड्यावर येऊन आदळतात. त्या ठिकाणी उभे राहिले म्हणजे प्रवाळाचे हे कवच नसते तर बेटाचे काय झाले असते, याची कल्पना येते. प्रवाळ हे जिवंत प्राण्यांनी हजारो वर्षांत रचलेले बांधकाम आहे. पावलाखाली एक तुकडा मोडायला क्षण पुरतो. तो पुन्हा वाढायला कित्येक वर्षे लागतात.

नैऋत्येस ल मोर्न डोंगराजवळ विमानातून पाहिले असता समुद्राच्या पोटात धबधबा कोसळत असल्याचा भास होतो. तेथे पाणी कोठेही पडत नाही. उथळ तळावरील वाळू आणि गाळ प्रवाहाबरोबर खोल उतारावरून सरकतात आणि त्यांच्या फिकट रेषा धबधब्यासारख्या दिसतात. जवळच शामारेल येथे लाल, तपकिरी, जांभळ्या अशा सात रंगछटांची माती उघडी पडलेली आहे. ज्वालामुखीचा खडक झिजून त्याची माती झाली आणि तिच्यातील लोह व ॲल्युमिनियम यांच्या संयुगांनी हे रंग दिले.

हे बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळे ऋतू आपल्या उलट आहेत. मे ते ऑक्टोबर हा कोरडा, सौम्य हिवाळा. नोव्हेंबर ते एप्रिल हा उष्ण, दमट उन्हाळा. जानेवारी ते मार्च या काळात चक्रीवादळांचा संभव अधिक असतो. हिवाळ्यात दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेकडे झुकलेला दिसतो, ही गोष्ट भारतातून गेलेल्या लक्षपूर्वक पाहणाऱ्याला गंमत वाटावी अशी आहे.

भय न जाणणारा पक्षी

अरब खलाशांना हे बेट ठाऊक होते. सोळाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगीजही येऊन गेले. परंतु वस्ती कोणी केली नाही. १५९८ साली डच जहाजे येथे लागली आणि आपल्या राजपुत्र मॉरित्स याचे नाव त्यांनी बेटाला दिले. त्या वेळी बेटावर आबनुसाची घनदाट अरण्ये होती, अजस्र कासवे होती, नाना जातींचे पक्षी होते. वटवाघळे सोडली तर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी नव्हता. शिकार करणारे कोणी नसल्यामुळे काही पक्ष्यांनी लक्षावधी वर्षांत उडणेच सोडून दिले होते.

डोडो हा त्यांपैकी एक. कबुतराच्या कुळातील हा पक्षी सुमारे एक मीटर उंच होता आणि जमिनीवरच घरटे करी. मनुष्याची भीती त्याला नव्हती, कारण भीती शिकण्याचा प्रसंगच त्याच्यावर कधी आला नव्हता. खलाशी जवळ आले तरी तो पळाला नाही. त्याचे मांस डचांना फारसे आवडलेही नाही. त्यांनी त्याला ‘किळसवाणा पक्षी’ अशा अर्थाचे नाव दिले होते. तरीही तो मारला गेला. त्याहून मोठा घात जहाजांतून उतरलेल्या उंदरांनी, डुकरांनी आणि माकडांनी केला. जमिनीवर उघडी असलेली अंडी त्यांनी खाऊन टाकली. डोडो पाहिल्याची शेवटची सर्वमान्य नोंद १६६२ सालची आहे. डचांचे पाऊल पडल्यावर शंभर वर्षेही पूर्ण झाली नाहीत, तोच एक जीवजाती पृथ्वीवरून नाहीशी झाली.

या पक्ष्याची भारताशी एक गाठ आहे. पीटर मंडी नावाच्या इंग्रज प्रवाशाने सुरतेत दोन डोडो पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. १६२५च्या सुमारास मोगल दरबारात काढलेल्या एका लघुचित्रातही डोडो दिसतो. हे चित्र जहांगीर बादशहाचा चित्रकार उस्ताद मन्सूर याचे मानले जाते आणि आज ते रशियातील हर्मिटाज संग्रहालयात आहे. जिवंत डोडो पाहून काढलेल्या मोजक्या रंगीत चित्रांत त्याची गणना होते. सुरत त्या काळी वीरजी व्होरा यांच्यासारख्या जैन सावकारांची पेठ होती. सतराव्या शतकात सुरतेला आलेल्या युरोपीय प्रवाशाने तेथील आजारी व वृद्ध प्राण्यांच्या पांजरापोळाचे आश्चर्याने वर्णन केले आहे. मुक्या जिवासाठी अन्नपाण्याची सोय करणारी ही पेठ आणि मुक्या जिवाचा निर्वंश पाहणारे ते बेट, दोन्ही एकाच सागरी मार्गावर होती.

डोडोची हाडे १८६५ साली बेटाच्या आग्नेय भागातील मार ओ साँज नावाच्या दलदलीत मोठ्या संख्येने सापडली. राजधानी पोर्ट लुई येथील नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयात त्याचा सांगाडा पाहता येतो. आज मॉरिशसच्या राजचिन्हावर डोडो आहे आणि दुकानांत त्याच्या लाकडी व कापडी प्रतिकृती मिळतात. जिवंत असताना ज्याला आसरा मिळाला नाही, तो चिन्ह होऊन मानाने मिरवतो आहे.

ऊस, लवंग आणि गुलामगिरी

डचांनी १६३९ साली जावा बेटातून ऊस आणि हरणे आणली, आबनुसाची अरण्ये तोडून लाकूड युरोपला धाडले आणि १७१० साली बेट सोडून दिले. १७१५मध्ये फ्रेंचांनी त्यावर ताबा सांगितला. १७३५ साली आलेला गव्हर्नर माहे द ला बुर्दोने याने पोर्ट लुई बंदर बांधले, रस्ते केले आणि साखरेचे कारखाने उभे केले.

मसाल्याच्या व्यापाऱ्यांना पिएर प्वाव्र हे नाव मनोरंजक वाटेल. फ्रेंच भाषेत ‘प्वाव्र’ म्हणजे मिरी. जायफळ आणि लवंग यांचा व्यापार त्या काळी डचांच्या मुठीत होता. मोलुक्का बेटांबाहेर या झाडांचे एक रोपही जाऊ नये, असा त्यांचा कडक बंदोबस्त होता. प्वाव्रने माणसे पाठवून १७७०च्या सुमारास ही रोपे गुपचूप मॉरिशसला आणवली आणि पॅम्पलमूस येथील बागेत लावली. पुढे याच भागातून लवंग झांजिबारला पोहोचली. एकोणिसाव्या शतकात झांजिबारच्या लवंगेवर ज्या कच्छी-गुजराती पेढ्या भरभराटल्या, त्यांच्या समृद्धीचे एक मूळ असे या बागेत सापडते. ही बाग आजही आहे. थाळीएवढ्या नव्हे, परातीहून मोठ्या पानांची महाकमळे आणि आयुष्यात एकदाच फुलून मरणारा तालीपाम यांसाठी ती अवश्य पाहावी.

या वैभवाच्या खाली मात्र गुलामांचे श्रम होते. आफ्रिका आणि मादागास्करमधून हजारो माणसे पकडून येथे आणली गेली. पळून जाण्यात यशस्वी झालेल्यांनी नैऋत्येकडील ल मोर्न या ५५६ मीटर उंचीच्या दुर्गम डोंगरावर आसरा घेतला. लोककथा अशी, की गुलामगिरी संपल्याची वार्ता सांगण्यासाठी शिपाई डोंगर चढू लागले, तेव्हा आपल्याला पुन्हा पकडायला ते येत आहेत असे समजून वरच्या लोकांनी कड्यावरून उड्या टाकल्या. कथेत इतिहास किती आणि दुःख किती, हे वेगळे करता येणे कठीण; परंतु क्रेओल समाजाच्या मनात तो डोंगर स्वातंत्र्याचे प्रतीक आहे. २००८ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

१८१० साली इंग्रजांनी बेट जिंकले आणि १ फेब्रुवारी १८३५ रोजी तेथील गुलामगिरी संपुष्टात आली. त्या वेळी मळेवाल्यांना नुकसानभरपाई म्हणून सुमारे वीस लाख पौंड मंजूर झाले. ज्यांनी जन्मभर फुकट राबून ती साखर पिकवली, त्या माणसांना भरपाई म्हणून काहीच मिळाले नाही. हिशेबाच्या वहीत जमा कोणाच्या नावावर पडली आणि खर्च कोणाच्या, हे व्यापारी वाचकाला निराळे सांगण्याची आवश्यकता नाही.

घाटाच्या पायऱ्या

गुलाम गेले, ऊस मात्र उभाच होता. तो तोडायला हात हवे होते, आणि ते भारतात शोधले गेले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलास’ नावाच्या जहाजातून ३६ भारतीय मजूर पोर्ट लुईला उतरले. पुढील आठ-नऊ दशकांत जवळजवळ पाच लाख भारतीय या बंदरात आले. बहुतेक येथेच राहिले, काहींना येथून इतर वसाहतींत पाठवले गेले. करार पाच वर्षांचा, पुरुषाचे वेतन महिन्याला पाच रुपये. एक दिवस कामावर न आल्यास दोन दिवसांचा पगार कापण्याची रीत होती. बोटीतून उतरल्यावर ज्या दगडी पायऱ्या चढून हे लोक नोंदणी कचेरीत जात, त्या पायऱ्या आप्रवासी घाट या नावाने जतन केल्या आहेत. २००६ साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. पर्यटकांच्या कार्यक्रमपत्रिकेत या घाटाला बहुधा अर्धा तासच मिळतो. त्याला निवांत वेळ देणे उचित ठरेल.

उसाच्या शेतांतून जाताना मध्येच काळ्या दगडांचे मनोरेवजा ढीग दिसतात. ती कोणाची स्मारके नाहीत. ज्वालामुखीच्या खडकाळ जमिनीतून एकेक दगड हाताने वेचून मजुरांनी ते रचले, तेव्हा कोठे नांगर चालला. मुंबईत पोत्यांतून उतरणाऱ्या पांढऱ्या साखरेच्या मागे हे काळे ढीग होते.

मजुरांत मोठा भरणा बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातील भोजपुरी लोकांचा होता. तमिळ व तेलुगू भाषकही पुष्कळ होते. मुंबई बंदरातून जी माणसे गेली, त्यांत कोकणातील मराठी कुटुंबे होती. संख्येने हा समाज लहान. परंतु पाच-सहा पिढ्या उलटूनही त्याने आपली ओळख सोडलेली नाही. शाळांतून मराठी शिकवली जाते. कोकणातील जाखडी नृत्य तेथे ‘झाकरी’ या नावाने जिवंत आहे. गणेशचतुर्थीला संपूर्ण देशात सार्वजनिक सुट्टी असते आणि मूर्ती वाजतगाजत पाण्याकडे नेल्या जातात. गुजराती व्यापारी मात्र मजूर म्हणून आले नाहीत. ते स्वखर्चाने आले आणि कापड व धान्याची दुकाने त्यांनी पोर्ट लुईच्या बाजारात थाटली.

१९०१ साली दक्षिण आफ्रिकेहून स्वदेशी परतताना गांधीजींचे जहाज मॉरिशसला थांबले. सुमारे तीन आठवडे ते तेथे होते. मुलांना शिकवा आणि सार्वजनिक जीवनात भाग घ्या, असा त्यांचा तेथील भारतीयांना आग्रह होता. त्यांच्याच सूचनेवरून १९०७ साली बॅरिस्टर मणिलाल डॉक्टर तेथे गेले, मजुरांचे खटले त्यांनी लढवले आणि ‘हिंदुस्थानी’ हे वृत्तपत्र काढले. १९६८ साली देश स्वतंत्र झाला, तेव्हा स्वातंत्र्यदिनासाठी १२ मार्च हा दांडीयात्रेच्या प्रारंभाचा दिवस निवडण्यात आला. पहिले पंतप्रधान शिवसागर रामगुलाम हे मजूर म्हणून आलेल्या भारतीयाचे पुत्र होते. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत त्या मजुरांच्या नोंदवह्या आणि छायाचित्रे सांभाळून ठेवली आहेत. आपला पणजोबा कोणत्या गावचा, हे शोधायला आजही लोक तेथे येतात.

मुंबईचे पाकीट आणि बेटाचा रुपया

१८४७ साली मॉरिशसने आपली पहिली टपाल तिकिटे छापली : एक पेनीचे तांबूस आणि दोन पेनींचे निळे. प्रत्येकी ५०० छापलेल्या या तिकिटांपैकी आज फारच थोडी शिल्लक आहेत आणि जगातील सर्वांत मौल्यवान तिकिटांत ती मोडतात. त्यांपैकी एक पेनीची दोन तिकिटे लावलेले एक पाकीट १८५० साली मुंबईला पाठवले गेले होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते भारतातल्याच एका बाजारात सापडले. संग्राहक आजही त्याला मुंबईचे पाकीट म्हणूनच ओळखतात. पोर्ट लुई बंदरावरील ब्लू पेनी संग्रहालयात या मालिकेची दोन तिकिटे ठेवली आहेत. प्रकाशाने रंग उडू नये म्हणून मूळ तिकिटांवर दिवा थोडाच वेळ लावला जातो. एरवी त्यांच्या प्रतिकृती दिसतात.

एकोणिसाव्या शतकात भारतीय रुपया या बेटावर इतका रुळला, की तेथील चलनाचे नाव कायमचे रुपया झाले. नोटांवर इंग्रजीबरोबर तमिळ आणि हिंदी अक्षरेही आहेत. स्वातंत्र्याच्या वेळी या देशाची सारी भिस्त साखरेवर होती. एकाच पिकावरची दुकानदारी धोक्याची, हे ओळखून १९७०पासून निर्यातीसाठी कापडउद्योग वाढवला गेला. नंतर पर्यटन आणि वित्तसेवा आल्या. युरोपीय बाजारात साखरेला मिळणारा खात्रीचा भाव २००९मध्ये संपला, तेव्हा हा दूरदर्शीपणा उपयोगी पडला. पॅम्पलमूसजवळ एका बंद पडलेल्या साखर कारखान्यातच आता साखरेचे संग्रहालय आहे.

परत आलेले पक्षी

डोडोच्या बेटावरील सर्वांत आशादायक कथा मात्र अलीकडची आहे. १९७४ साली मॉरिशस ससाण्याचे केवळ चार पक्षी वन्य अवस्थेत असल्याचे ज्ञात होते. १९९०च्या सुमारास गुलाबी कबुतरे दहाच्या आसपास उरली होती. डोडोच्याच कुळातील हा पक्षी त्याच्याच वाटेने चालला होता. हिरव्या पोपटाचीही गत तीच. कार्ल जोन्स या वेल्सच्या जीवशास्त्रज्ञाने आणि स्थानिक कार्यकर्त्यांनी अंडी उबवली, पिले हाताने वाढवली, घरट्यांना संरक्षण दिले, उंदीर दूर ठेवले. आज ससाणे व गुलाबी कबुतरे शेकड्यांच्या संख्येत आहेत आणि पोपटही पाचशेच्या पुढे गेले आहेत.

आग्नेय किनाऱ्यासमोर इल ऑ एग्रेत नावाचे २६ हेक्टरांचे छोटे बेट आहे. तेथे मूळचे अरण्य पुन्हा उभे केले जात आहे. मॉरिशसची स्वतःची महाकासवे नष्ट झाल्यामुळे अल्डाब्रा बेटांवरील त्यांची भावंडे येथे आणून सोडली. ही कासवे आबनुसाची फळे खातात, बिया दूरवर टाकतात आणि तेथे नवी रोपे उगवतात. तोडून नेलेले अरण्य एका मंदगती प्राण्याच्या मदतीने परत येत आहे. मार्गदर्शकाबरोबर जाऊन पर्यटकांना हे बेट पाहता येते.

२५ जुलै २०२० रोजी याच भागात ‘वाकाशियो’ नावाचे मालवाहू जहाज प्रवाळावर चढले आणि ऑगस्टमध्ये त्यातून सुमारे एक हजार टन तेल समुद्रात सांडले. तेव्हा हजारो सामान्य नागरिक, विद्यार्थी, गृहिणी, कोळी किनाऱ्यावर धावले. कापडी पिशव्यांत उसाचे पाचट भरून त्यांनी लांबच लांब तरंगते बांध शिवले आणि तेल अडवले. ज्या उसासाठी या भूमीने इतके सोसले, त्याचेच पाचट त्या दिवशी तिच्या कामी आले.

सर्वच चित्र उजळ आहे असे मात्र नाही. माणसाने आणलेल्या माकडांचे वंशज आज पकडले जातात आणि प्रयोगशाळांसाठी परदेशी निर्यात होतात. लिची व आंब्याची नासाडी करतात म्हणून तेथील दुर्मीळ फळखाऊ वटवाघळांना सरकारी आदेशाने मारण्याच्या मोहिमा २०१५पासून अनेकदा झाल्या. ही वटवाघळे मूळच्या झाडांच्या बिया पसरवतात. फळबागांवर जाळी अंथरण्याचा अहिंसक उपायही उपलब्ध आहे. यावर तेथे तीव्र मतभेद आहेत. एका पक्ष्याच्या नाशातून किती शिकलो, याची परीक्षा त्या देशात अद्याप चालूच आहे.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी

भारतीय पर्यटकांना आधी व्हिसा काढून ठेवावा लागत नाही. घड्याळ भारतापेक्षा दीड तास मागे असते. वाहने आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात. कारभार इंग्रजीत, वर्तमानपत्रे बहुधा फ्रेंचमध्ये आणि घरचे बोलणे क्रेओलमध्ये चालते. हिंदी अनेकांना समजते.

शाकाहारी प्रवाशाची तेथे उपासमार होत नाही. पिवळ्या वाटाण्याची डाळ भरलेली डाळपुरी हे तेथील सर्वांत लोकप्रिय खाणे. रस्त्यावर ती जोडीने मिळते. वाटाण्याच्या डाळीचे तिखट वडे, तिखटमीठ लावलेले अननस आणि फालुद्याची भावंड असलेली ‘अलूदा’ हेही पदार्थ बाजारात दिसतात. मात्र डाळपुरीबरोबरच्या रश्शात व टोमॅटोच्या चटणीत कांदा-लसूण असतो आणि अलूदामधील जेलीत प्राणिज घटक असू शकतो. आधी विचारून घेणे बरे. हॉटेलात कंदमुळे वर्ज्य असल्याचे आरक्षणाच्या वेळीच कळवावे. सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे, की जूनमध्ये सूर्य पावणेसहाच्या आधीच मावळतो, तर जानेवारीत सातच्या सुमारास. हॉटेलांतील रात्रीचे जेवण त्यानंतरच सुरू होते. म्हणून लवकर वाढण्याची विनंती आधी करावी.

समुद्रात उतरताना प्रवाळावर पाय देऊ नये. शंख, शिंपले आणि प्रवाळाचे तुकडे आठवण म्हणून उचलू नयेत, विकतही घेऊ नयेत. रिकाम्या दिसणाऱ्या शंखातही पुष्कळदा एखादा जीव वस्तीला असतो. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर तेथे २०१६पासून बंदी आहे, म्हणून कापडी पिशवी घरूनच न्यावी. आठवण आणायचीच असेल तर व्हॅनिलाची शेंग, तेथील मळ्यातला चहा किंवा तपकिरी साखरेची एखादी पुडी आणावी. घरातील एखाद्या आजीने ती पुडी हातात घेऊन ‘मोरस’ असे म्हटले, तर नातवंडांना सांगण्याजोगी एक मोठी गोष्ट त्या शब्दात आहे.